डॉक्टर, तुम्ही ते गाव पाहून आलात

प्रिय डॉक्टर,

आज सकाळी डोंगरकड्याची गयाबाई आली. गुडघे धरून पायरीवर टेकली आणि म्हणाली, "शांते, डॉक्टर कधी येऊन राहिले?" तुम्ही गेल्याचं मी तिला मागच्या बाजाराच्या दिवशीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं, पदरानं डोळेही पुसले होते. आज पुन्हा तेच. मी तिला गोळ्या दिल्या, उत्तर दिलं नाही. ती गेल्यावर वाटलं, तिला जे सांगता आलं नाही ते तुम्हालाच लिहावं.

तुमच्या लेकीचा, रिवकाताईचा फोन आला तेव्हा तुम्हाला मातीत ठेवूनही झालं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत, हे सारामावशींच्या वेळीच मी पाहिलं होतं. त्यांना आपण जीपनं कोकणात नेलं, तेव्हा निदान मी सोबत होते. तुमच्या वेळी मधे समुद्र होता. मनात थोडी तक्रार आहे, ती पुढे सांगते.

तुम्ही कोण, हे वारंगा फाट्यावर कुणाला नीट कळलंच नाही. सरकारी नोकरी संपली तरी तुम्ही कोकणात परतला नाहीत. फाट्यावर दोन खोल्यांचा दवाखाना टाकलात, मागे सारामावशींसोबत संसार मांडलात. ट्रकचे अपघात, विंचू, बाळंतपणं, हळद शिजवताना भाजलेले हात, सगळं तुमच्याकडे. पाटीवर डॉ. एझ्रा वाडगावकर. आडनाव मराठी, नाव अनोळखी, म्हणून लोकांनी तुम्हाला ख्रिश्चन करून टाकलं. नाताळला हार घेऊन यायचे. तुम्ही हसून घालून घ्यायचात.

मी एकदा विचारलं, "तुमी खरं काहून सांगत न्हाई?"

तुम्ही म्हणालात, "अगं, ते प्रेमानं आणतात. प्रेमात काय चुका काढायच्या?"

मला खरं सांगितलं ते मावशींनी, भाकरी थापता थापता. तुमचे पूर्वज फार जुन्या काळी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. आपल्याला ज्यू म्हणतात हेसुद्धा त्यांना पुष्कळ पिढ्यांनी कळलं. तरी रोजच्या प्रार्थनेत एका लांबच्या शहराचं नाव होतं, न पाहिलेल्या. मावशी म्हणाल्या, "आम्ही मराठीत भांडतो, मराठीत रडतो. पण प्रार्थनेला उभं राहिलो की तोंड तिकडे."

तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नाही. मी तांड्यातली पोर. माझ्या आज्याचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. गाव कोणतं असं विचारलं तर आमची याडी, माझी आई, हसायची. मला नर्सिंगला घालायला तुम्ही आमच्या तांड्यावर आलात, बापूला म्हणालात, "ही पोरगी रक्त पाहून डोळे मिटत नाही. हिला शिकवा." बापू तयार झाला. माझं पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

मग नबील आला. आठवतं ना कसा आला ते?

हळदीचे दिवस होते, सगळा फाटा उकडलेल्या हळदीच्या वासानं भरलेला. नांदेडकडून येणारी जीप वळणावर उलटली. जखमी आणले त्यात एक गोरा, दाट भुवयांचा पोरगा होता. पाय मोडलेला. कपाळातून रक्त. "उम्मी, उम्मी" असं आईला हाका मारत होता, बाकी बोलणं कुणाला कळेना. नांदेडला औषधशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थी निघाला. देश विचारला तर म्हणाला, पॅलेस्टाइन. कागदपत्रं जॉर्डनची होती.

तुम्ही क्षणभर हातातला कापूस तसाच धरून उभे राहिलात. मग म्हणालात, "शांता, टाके घालायचे आहेत. दिवा जवळ घे."

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या पायाला प्लास्टर झालं, पण पुढे त्याला बघणार कोण? खोलीवरचे मित्र परीक्षेत अडकलेले. जखम चिघळून ताप आला होता. तुम्ही स्वतः जाऊन त्याला घेऊन आलात आणि मागच्या पडवीत खाट टाकलीत. तो तुम्हाला 'डॉक्टरसाब' म्हणायचा, मावशींना 'खालाजान'. नांदेडात राहून आपल्याकडची दखनी हिंदी छान शिकला होता. आपण सगळेच खूश.

शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी शनिवारच्या पवित्र दिवसाच्या स्वागताचे ते दोन दिवे लावले. मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं. तुम्ही डोक्यावर टोपी ठेवून आशीर्वाद म्हणू लागलात. खाटेवरून नबीलनं ऐकलं. ती भाषा त्याला कळत नव्हती, पण ओळखू येत होती. तो भिंतीला धरून उठला.

"आप यहूदी है?"

"हाँ," तुम्ही म्हणालात.

"मेरे कू यहाँ नहीं रहना."

मी घाबरले. एवढ्या तापात तो कुठे जाणार होता? तुम्ही पेला खाली ठेवलात. "ठीक है. शांता, जीप बघ याच्यासाठी." मग त्याच्याकडे वळून म्हणालात, "जाओ बेटा. लेकिन बुखार है. रस्ते में कुछ हुआ तो तुम्हारी माँ को मैं क्या जवाब दूँ?"

"मेरी माँ कू आप क्या जानते?"

"कुछ नहीं जानता. तुम बताओगे तो जानूँगा."

मावशी मधे आल्या, ताट घेऊन. त्यांना हिंदी धड यायचं नाही. मराठीतच म्हणाल्या, "आधी जेव. माझ्या दारातून उपाशी जायचं नाही." त्याला शब्द कळले नाहीत, ताट कळलं. तो बसला. भात खाता खाता रडायला लागला. मी जीप बघायला गेलेच नाही आणि तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातली खरी शाळा होती, डॉक्टर.

दुपारी पेशंट ओसरले की तुम्ही त्याच्या खाटेशी खुर्ची ओढायचात. इंग्रजीत बोलायचात दोघं. आवाज चढायचे. मला ते इंग्रजी झेपायचं नाही, मी ड्रेसिंगच्या पट्ट्या कापत बसायची. एक दिवस वैतागून म्हटलं, "तुमी दोघं भांडून राहिले ते मला बी समजू द्या."

तुम्ही लगेच मला मराठीत सांगायला लागलात. तुमचं नाही, त्याचं.

म्हणालात, "याच्या आजोबांचं गाव रामले शहराच्या जवळ होतं. गहू, संत्री, जैतुनाची झाडं. किती पिढ्या तिथे, ते मोजायची कुणाला गरजच वाटली नव्हती. मग तिथे नवं राज्य झालं, लढाई झाली, आणि ते लोक गाव सोडून गेले."

नबीलनं मला विचारलं, "क्या बोले वो? बराबर बोले?"

मी आपल्या दखनीत त्याला सगळं परत सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी मान हलवून म्हणाला, "छोड के नहीं गये. निकाले गये. बंदूक ला के निकाले. दादी के पैर में चप्पल भी नहीं थी."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "शांता, माझा शब्द चुकला. कोणी लढाईच्या भीतीनं निघालं, कोणाला हाकललं. याच्या गावाला हाकललं. आणि परत कुणालाच येऊ दिलं नाही."

नबील म्हणाला, "अब बराबर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला म्हणालात, "आता तू माझं सांग. शांताला सांग." तो हसला, की हे काय नवीन. मग सुरू केलं, "ये लोगाँ यूरोप से जहाजाँ में आये..."

"शुरू से," तुम्ही म्हणालात.

"शुरू से तो बोल रहा हूँ."

"यूरोप में कहाँ से आये थे?"

बाहेर रस्त्यावर ट्रक जात होते. तुम्ही घाई केली नाहीत. बऱ्याच वेळानं तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पहले वहीं के थे. बहुत पहले. रोम के बादशाह ने निकाला." आपल्याच तोंडचा तो शब्द ऐकून तो थबकला. मग पुढचं त्यानं हळू आवाजात सांगितलं. देशोदेशी फिरले. तरी प्रार्थनेत त्या शहराला विसरले नाहीत. थोडे लोक तर कायम तिथेच राहिले होते. आणि मग युरोपात त्यांना घराघरातून काढून मारलं, म्हातारी, लेकरं, सगळी. जे उरले त्यांना कोणताच देश दार उघडेना.

तुमचे डोळे भरले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "बराबर."

मग तो उसळला. "लेकिन मारनेवाले हम थे क्या? जर्मनी ने मारा, तो घर मेरे दादा का काय कू गया?"

मला वाटलं आता तुम्ही काहीतरी शहाणपणाचं बोलाल. तुम्ही म्हणालात, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या दादाचा काही गुन्हा नव्हता." आणि पुढे, "पण त्या उरलेल्या लोकांनी कुठे जायला हवं होतं, ते मला सांग."

दोन्हीकडे उत्तर नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या तांड्यावर, गावात, कचेरीत, जो तो उत्तर घेऊनच येतो.

तुम्ही दोघं कधी एकमताचे झाला नाहीत. मी ते खोटं का लिहू? तुम्ही म्हणायचात की तुमच्या लोकांना तिथे आपलं राज्य हवंच, त्याशिवाय ते जगणार नाहीत. तो म्हणायचा, आमच्या छातीवर बांधलेलं राज्य आम्हाला कसं आपलं वाटेल? एकदा तर त्यानं गोळ्या फेकून दिल्या. तुम्ही वाकून गोळा केल्यात, पुसल्यात, आणि म्हणालात, "राग माझ्यावर आहे ना? मग पायाला कशाला शिक्षा?"

त्यानं एकदा मला विचारलं, "तुम्हारा गाँव कौन सा?" मी सांगितलं, आम्ही चालणारे लोक, बैल थांबले तिथे चूल. तो तुम्हाला म्हणाला, "डॉक्टरसाब, जज तो येही होना. इसकू किसी की जमीन नहीं होना." तुम्ही दोघं खूप हसलात. मीही हसले. पण खरं सांगू? आम्हालाही हवी होती हो जमीन. आमच्या बापूनं तांड्यामागची बरड फोडली तेव्हा पहिल्या वर्षीच्या ज्वारीजवळ तो रात्रंदिवस बसून राहायचा. माती कशी धरते माणसाला, हे मला त्याच्यामुळे ठाऊक होतं. म्हणून तुम्हा दोघांचं ऐकताना मला कुणा एकाकडे झुकता यायचं नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मावशींनी मलिदा केला. पोहे, नारळ, गूळ, वर फळं. नबील म्हणाला, नांदेडात दर्ग्यावर पण मलिदा मिळतो. मावशी म्हणाल्या, "मग झालंच की." तो लंगडत फाट्यापर्यंत गेला आणि एसटीच्या खिडकीतून तुमचा हात धरून राहिला.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता टीव्हीवर ते दृश्य आलं. इस्रायलच्या आणि पॅलेस्टाइनच्या पुढाऱ्यांनी अमेरिकेत एकमेकांचा हात हातात घेतला. नबील मुद्दाम नांदेडहून आला होता तुमच्या शेजारी बसून बघायला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "हे टिको." त्याचे डोळे पडद्यावरच होते. म्हणाला, "टिकना. पर मेरे दादा के गाँव का तो किसी ने नाम भी नहीं लिया."

तुम्ही त्याला त्या गावाचं नाव विचारलंत. दोनदा म्हणवून घेतलंत, नीट जिभेवर बसेपर्यंत. मला तो उच्चार अजून जमत नाही.

नबील शिकून अम्मानला गेला, औषधांचं दुकान टाकलं. तोवर रिवकाताई लग्न होऊन इस्रायलला, त्याच रामले शहरात राहायला गेली होती. तिथे आपल्याकडचे, मराठी बोलणारे पुष्कळ. तुम्हाला तर बोलावणीच यायची. तिथला कायदाच तसा होता, तुम्ही विमानातून उतरलात की नागरिक. नबील फोनवर कधी बोचून म्हणायचा, "आप कभी गये नहीं, आप जा सकते. मेरे बाबा वहाँ पैदा हुए, वो नहीं जा सकते." तुम्ही म्हणायचात, "खरं आहे." कधी सारवासारव केली नाहीत. म्हणून तर त्याचे फोन थांबले नाहीत.

मग ती वाईट वर्षं आली. हात मिळवले होते ते सुटले. तिथे बसगाड्यांत स्फोट व्हायचे, पलीकडे निर्वासितांच्या छावण्यांत रणगाडे शिरायचे. एका सकाळी बातमी आली, रिवकाताई कामाला जायची त्याच रस्त्यावर बस उडाली. फोन लागेना. मावशी जपमाळ ओढावी तशी नुसती बोटं मोजत बसल्या. तुम्ही पेशंट तपासत होतात, पण नाडी धरून विसरून जात होतात.

फोन वाजला तो अम्मानहून. नबील. त्यानं रिवकाताईला कधी पाहिलंही नव्हतं. पहिलं वाक्य, "खालाजान, रिवका कैसी है?"

ताई सुखरूप होती, तासाभरानं कळलं. आणि त्याच महिन्यात नबीलच्या मामाचा मुलगा तिकडे छावणीत, स्वतःच्या घराच्या दारात, सैन्याची गोळी लागून गेला. तुम्ही अम्मानला फोन लावलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, एवढं मला माहीत आहे.

त्याच दिवसांत फाट्यावरची काही माणसं दवाखान्यात आली. टीव्ही बघून आलेली. कुणी म्हणालं, "डॉक्टर, तुमच्या लोकांनी बराबर केलं, धडा शिकवला." तुम्ही त्याचं ब्लडप्रेशर घेत होतात. पट्टा सोडून म्हणालात, "माझ्या माहितीतलं एक पोरगं मेलं त्यात. तुम्हाला त्याचं नाव सांगू का?" दुसऱ्याच दिवशी डोंगरकड्याचा एक तरुण येऊन म्हणाला, बसमधले मेले ते चांगलंच झालं. त्यालाही तुम्ही तसंच खुर्चीत बसवलंत. म्हणालात, "त्या बसमध्ये माझी लेक असती. बस, तपासतो." दोघंही पुढे तुमच्याकडेच येत राहिले. हे तुम्हाला कसं जमायचं? मला राग यायचा. मी तर त्या दोघांची इंजेक्शनं जरा जोरातच टोचली होती.

मावशी गेल्या आणि घर तुम्हाला खायला उठलं. रिवकाताई येऊन बसली, की पप्पा, आता तुम्ही एकटे नाही राहायचं. तुम्ही गेलात.

ही माझी तक्रार. फाट्यावर आम्ही एवढे जण उभे होतो. गयाबाई रडत होती. मी विचारलं, "तुमी तर म्हणायचे, माझी माती हीच. मग?" तुम्ही जीपमधून उतरून परत माझ्यापाशी आलात. म्हणालात, "माती हीच. पण लेक तिकडे आहे. आणि शांता, तिथे माझं एक काम राहिलंय." मला वाटलं, समजूत घालताय. मी नीट निरोपही दिला नाही.

ते काम कोणतं, हे दोन वर्षांनी कळलं. रविवारी दवाखान्यात तुमचा फोन यायचा तसा आला. आवाज दमलेला पण आनंदी. "शांता, मी नबीलचं गाव बघून आलो."

तुम्ही तिथे गेल्यापासून त्या गावाची जागा शोधत होतात. लोकांना विचारायचात, तर लोक विषय बदलायचे. रिवकाताई चिडली, "पप्पा, आम्ही इथे राहतो. शेजारी काय म्हणतील?" जावई एली तर फारच. एलीचे वडील बगदादचे. तिथल्या ज्यूंना हुसकावलं तेव्हा एक पेटी घेऊन निघालेले. एली म्हणाला, "माझ्या बापाची गल्ली बघायला बगदादला कोण जाणार?"

तुम्ही म्हणालात, "व्हिसा मिळाला तर मी जातो. आज मात्र गाडी काढ."

त्यानं काढली. वाटेत एक शब्द बोलला नाही. जागेवर पोचल्यावर गाडीतच बसून राहिला. तुम्ही काठी टेकत एकटे चढाला लागलात. जमीन दगडांची. थोड्या वेळानं दार आपटल्याचा आवाज आला आणि त्यानं मागून येऊन तुमचा दंड धरला.

गाव नव्हतं. पाईनची झाडं होती, सहलीचे बाक होते. पण निवडुंगाची कुंपणं रांगेनं उभी होती, जिथे कधी परसांच्या हद्दी असतील. आणि एक विहीर, लोखंडी झाकण घातलेली. नबीलच्या बापानं सांगितलं होतं, विहिरीच्या कडेचा दगड दोराच्या घासणीनं खाचलेला आहे. तुम्ही वाकून हात फिरवलात. खाचा होत्या.

तिथे बाकावर एक म्हातारा बसला होता, थर्मासमधला चहा पीत. तुम्ही त्याला विचारलंत, इथे पूर्वी काय होतं? तो म्हणाला, काही नाही, माळ होता. तुम्ही म्हणालात, "गाव होतं. त्या गावातल्या एकाच्या नातवाला मी ओळखतो."

एलीला वाटलं आता भांडण होणार. म्हाताऱ्यानं विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाला, तो रुमानियाचा. छळछावणीतून एकटाच जगला, घरातलं दुसरं कोणी नाही. इथे आणून सोडलं तेव्हा ही झाडं लावायचं काम मिळालं. ही त्यानं आपल्या हातानं लावलेली. म्हणाला, "इथून जा, असं मला कोणी म्हणालं नाही, अशी माझ्या आयुष्यातली ही पहिली जागा." दगडांची घरं त्यानं तेव्हा पाहिली होती. पडकी. कोणाची, ते विचारायचं त्याला धाडस झालं नव्हतं.

त्यानं तुम्हाला चहा दिला. तुम्ही घेतलात.

आणि मग तुम्ही अम्मानला फोन करून सगळं सांगितलंत. नुसती विहीर सांगून थांबला असतात तर नबीलनं तुमचे पायच धरले असते. तुम्ही म्हाताराही सांगितलात, त्याची झाडंही. काहून? मी तुम्हाला तेव्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, "निम्मं सांगितलं तर ते खोटंच ना गं."

नबील भयंकर चिडला. मला फोन करून म्हणाला, "मेरे कू कुआँ सुनना था. उसके झाडाँ नहीं सुनना था." त्यानं तुमचा फोन घेणं बंद केलं. आठवडे गेले, महिने गेले. तुम्ही दर रविवारी मला विचारायचात, "त्याचा काही निरोप?" मी नाही म्हणायची. तुमचा आवाज प्रत्येक वेळी थोडा आणखी बारीक व्हायचा. तरी एकदाही म्हणाला नाहीत, की मी सांगायला नको होतं.

मग एक दिवस दुपारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. दुकान, लेकरं. ठेवता ठेवता म्हणाला, "शांताबाई, डॉक्टरसाब से एक बात पूछना. वो बुड्ढे का नाम क्या था?"

मी तुम्हाला लगेच कळवलं. तुम्ही तेव्हा तिकडच्या इस्पितळात होतात, छातीच्या दुखण्यानं. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. म्हणालात, "अरे, मी नावच विचारलं नाही त्याचं." ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. एलीला तुम्ही सांगितलं होतंत, जा आणि विचारून ये. तो परत यायच्या आधी तुम्ही गेलात.

तुमच्या मागे जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, ते सांगते.

काल रिवकाताईचा पुन्हा फोन आला. एली तीनदा त्या जागेवर जाऊन आला. शेवटी म्हातारा भेटला. तुम्ही गेल्याचं ऐकून तो उठून उभा राहिला, म्हणे. नाव कळलं आहे. मी म्हटलं, "सांगा, मी नबीलला कळवते." ताई म्हणाली, "नको. मी सांगते त्याला."

ती आजवर त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही, डॉक्टर.

मग म्हणाली, "पण शांता, इंग्रजीत मला त्याच्याशी बोलायची भीती वाटते. इंग्रजीत आम्ही दोघंही बातम्यांसारखे बोलू. तू मधे बस. मी मराठीत बोलते, तू त्याला तुमच्या हिंदीत सांग."

नबील पुढच्या महिन्यात भाच्याला कॉलेजात घालायला औरंगाबादला येतोय. तिथून फाट्यावर येणार आहे, तुमची खुर्ची बघायला म्हणाला. त्या दिवशी मी दवाखान्याचा फोन मोकळा ठेवणार आहे. तो पडवीत बसेल, ताईचा फोन येईल, आणि मी मधे बसेन.

तुम्हाला शब्द देते. ती जे म्हणेल ते सगळं मी त्याला सांगेन, आणि तो जे म्हणेल ते सगळं तिला. कडू असेल तरी गिळणार नाही, गोड करणार नाही. कुणी मधेच फोन ठेवला तर पुन्हा लावेन.

तुमची,
शांता
वारंगा फाटा